दोन दारांच्या छोट्या गाडीत दोन मुलांच्या सीटा: आधी टेप, मग दुकान

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातलं कुटुंब, सेकंड-हँड घेतलेली तीन दारांची मिनी कूपर एस, म्हणजे माणसांना दोन दारं आणि तिसरं डिकीचं. मुलगी सव्वातीन वर्षांची, वजन १४ किलो. बाळ ५ महिन्यांचं, ७ किलो. वडील ५ फूट ११, आई ५ फूट २. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं. बाळाची सीट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली घरात पडून आहे, मुलीची घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, ‘दोन्ही मागे बसतील.’ शेजारी म्हणतो, ‘ही गाडी विका.’ आणि तुमची शेवटची ओळ: बाळाची सीट पुढे ठेवून आई मागे मुलीशेजारी बसली तर चालेल का?

दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो ज्याला ‘बसणं’ म्हणतो ते मी म्हणत नाही. सीट मागच्या गादीवर ठेवता आली, बकल लागलं, दार बंद झालं, की दुकानात ती ‘बसली’. माझ्या लेखी ती बसली केव्हा, तर पुढची माणसं आपापल्या नेहमीच्या जागी नीट बसलेली असताना, पट्ट्यापाशी धरून हलवल्यावर ती अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकत नाही आणि मूल आत टाकताना कुणाची कंबर धरत नाही तेव्हा. छोट्या स्पोर्टी गाडीत या दोन ‘बसण्यां’मध्ये बरंच अंतर असतं.

तुमच्या गाडीत रुंदीची अडचण नाहीच. मागे जागा दोनच आहेत, दोन्हीकडे आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या असतात, आणि आय-साइज या नव्या सुरक्षा-मानकाची सीट ४४ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसते. सेडानमध्ये तीन सीटा शेजारी शेजारी दाबताना जी मारामारी होते ती इथे होणार नाही. अडचण आहे ती लांबीची. बाळाची उलट्या तोंडाची सीट, म्हणजे जिच्यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतं ती, साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर लांबी खाते, आणि ती लांबी पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांतून वजा होते. म्हणजे मागे किती जागा आहे हे विचारून उपयोग नाही, पुढच्यांना किती लागते हे आधी ठरवायचं. उरेल ती मुलांची.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही, त्या गाडीपाशी उभं राहूनच कळतात: गाडी कोणत्या वर्षाची आहे, आधीच्या मालकाने सीट कव्हर घातलेत का, पुढच्या डाव्या एअरबॅगला बंद करायची सोय आहे का, आणि आई पुढे बसल्यावर पाय कसे ठेवते. त्यामुळे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देत नाही. कसं ठरवायचं ते सांगतो.

सुताराकडे असतो तसला लोखंडी टेप घ्या. वडिलांनी ड्रायव्हर सीटवर बसायचं, क्लच पूर्ण दाबून गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीट लावायची. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून. पाठ नेहमी चालवताना असते तेवढीच कललेली हवी. मोजताना लोक नकळत सीट उभी करतात आणि पुण्याच्या वाटेवर लिंब खिंडीपर्यंत पोचायच्या आत परत मागे टाकतात. आता मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या खाचेपासून ड्रायव्हर सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर घ्या, गादीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर. मुलीच्या सरळ तोंडाच्या सीटसाठी हा आकडा ५५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको. आर-४४ या मुलांच्या सीटच्या जुन्या मानकाच्या टक्कर चाचणीत बाहुल्याचं डोकं त्या खाचेजवळच्या संदर्भबिंदूपासून ५५ सेंटीमीटरपर्यंत पुढे गेलं तरी सीट पास होते. म्हणजे उत्तम लावलेल्या सीटमध्येही मुलाचं डोकं तेवढं पुढे झेपावू शकतं. तिथे पुढच्या सीटची कडक पाठ असेल तर पट्टे आपलं काम करतील आणि डोकं तरीही आपटेल.

मग आईने डाव्या सीटवर बसायचं. तिच्या छातीपासून डॅशबोर्डपर्यंत निदान २५ सेंटीमीटर राहायला हवेत, कारण एअरबॅगला फुगायला तेवढी जागा लागते. गुडघे डॅशबोर्डला टेकता कामा नयेत. एवढं सांभाळून सीट जितकी पुढे येईल तितकी आणा आणि मागे तेच अंतर मोजा. ५ फूट २ इंच उंचीच्या व्यक्तीला हे बहुधा जमतं, पावणेसहा फुटी माणसाला नाही. म्हणूनच बाळाची सीट नेहमी उंच माणसाच्या मागे न ठेवता बुटक्या माणसाच्या मागे ठेवायची. तुमच्याकडे म्हणजे डावीकडे. डावी बाजू आपल्याकडे फुटपाथचीही असते, बाळ काढताना पाठीमागून ट्रक जात नाही, हा वरचा फायदा.

उरलेली दोन मापं झटपट होतात. मागच्या गादीपासून छतापर्यंतची उंची, कारण अशा गाड्यांचं छत मागे उतरतं आणि उंच पाठीची सीट वर अडते. आणि पुढची सीट दुमडल्यावर मागे जायला किती रुंद फट मिळते. ४४ सेंटीमीटरची सीट त्या फटीतून तिरकी करून न्यावी लागते. गाडीवर सीटच्या प्लॅस्टिक कडेने चरा पडला की सीटला शिव्या घालण्यात अर्थ नसतो, दाराच्या कडेला आधी जुनं चादरीचं फडकं लावायचं.

ही मापं कागदावर घेऊनच दुकानात जा, आणि शक्य असेल तर गाडी घेऊनच. पैसे देण्याआधी गाडीत ठेवून पाहू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका. ऑनलाइन मागवायची असेल तर कंपनीने दिलेल्या लांबी, रुंदी, उंचीप्रमाणे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सीटचा बाजूचा आकार तयार करा आणि तो मागे उभा करून पाहा. पोरखेळ वाटतो, पण दहा-पंधरा हजारांची सीट परत पाठवण्याची कटकट वाचते.

आता बाळाबद्दल. ५ महिन्यांच्या बाळाला उलटं तोंड करूनच न्यायचं, यात पर्याय नाही. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली की सरळ बसलेल्या बाळाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि डोकं मानेवरून पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये तोच धक्का पाठ, मान आणि डोकं यांच्यावर सारखा पसरतो. आर-१२९ म्हणजे आय-साइज मानकात १५ महिने पूर्ण होईपर्यंत उलटं तोंड सक्तीचं आहे. जुन्या आर-४४ मध्ये ९ किलोनंतर सरळ करण्याची मुभा आहे, आणि गुटगुटीत बाळ आठव्या-नवव्या महिन्यातच ९ किलो भरतं. ‘वजन झालं, आता फिरवू’ असं करू नका, मान वजनाने पक्की होत नाही.

‘आजीच्या मांडीवर घट्ट धरलं तर?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणीतरी विचारेलच. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १४ पट होतो. ७ किलोचं बाळ त्या क्षणी हाताला ९८ किलोंचं लागतं. ज्वारीचं एक पोतं कुणी झेलून दाखवावं, मग मांडीची चर्चा करू.

अमेरिकेतून आलेली सीट वापरता येईल का, याचं उत्तर तिच्या पट्ट्याच्या रचनेत आहे. तिकडच्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून परत आत सोडला की तो कटकट करत लॉक होतो, आणि बऱ्याच अमेरिकन सीटा त्या लॉकच्या भरवशावर बनवलेल्या असतात. तुमच्या गाडीच्या मागच्या बेल्टवर हे करून पाहा. आत जाताना कटकट आवाज आला नाही आणि बेल्ट पुन्हा सहज बाहेर आला, तर तो फक्त झटका बसल्यावर लॉक होणारा आहे, आपल्याकडे बहुतेक तसेच असतात. अशा बेल्टने ती सीट तेव्हाच घट्ट राहील, जेव्हा सीटच्या बेसवर, म्हणजे तळाच्या भागावर, बेल्ट चिमटीत धरणारी स्वतःची क्लिप असेल. क्लिप नसेल तर बेसच्या दोन्ही बाजूंना हुक असलेले कापडी पट्टे आहेत का पाहा. ते आपल्या आयसोफिक्सच्या कड्यांना अडकवता येतात आणि ओढून घट्ट करता येतात. मात्र हुक आणि बेल्ट दोन्ही एकाच वेळी लावू नका, मॅन्युअलने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच. ‘दोन्ही लावले म्हणजे डबल सेफ’ हे इथे लागू नाही. दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी ओढतात आणि सीट चाचणीत जशी होती तशी राहत नाही.

सीटच्या पाठीमागे किंवा तळाशी उत्पादनाची तारीख आणि बहुतेकदा बाद होण्याची तारीख छापलेली असते, कंपनीनुसार ६ ते १० वर्षं. ती उलटली असेल, किंवा ती सीट आधी अपघातात सापडली आहे की नाही याची खात्री नातेवाइकांना देता येत नसेल, तर ती माळ्यावर जाऊ द्या. त्या सीटला छातीवर एक वेगळी प्लॅस्टिक क्लिप असेल, ती काखेच्या उंचीवर आणायची. पोटावर ठेवली तर तिचा उपयोग नाही.

ती सीट बाद ठरली तर तुमच्या गाडीला माझी पसंती १३ किलोपर्यंतच्या कॅरियर प्रकाराला, म्हणजे हँडलने उचलून नेता येणाऱ्या सीटला, वेगळ्या आयसोफिक्स बेससह. मोठी, चार वर्षांपर्यंत उलटी चालणारी सीट तत्त्वतः अधिक चांगली, पण ती तुमच्या गाडीत आईला डॅशबोर्डवर नेऊन ठेवेल. कॅरियर लहान असतो. बाळाचं डोकं त्याच्या वरच्या कडेला आलं की तो संपला, साधारण वर्ष-सव्वा वर्षाला, आणि तेव्हा हे सगळं मोजमाप पुन्हा करावं लागेल हे आत्ताच धरून चाला. ३६० अंशांत फिरणारी सीट घेऊ नका. ती फिरवायची कशाकडे? तुमच्या मागच्या सीटशेजारी दारच नाही. तिचं वजन, उंची आणि किंमत तिन्ही तुमच्या विरुद्ध जातात.

बेस लावताना जिथे चुका होतात तो भाग जरा सावकाश वाचा. आयसोफिक्सच्या कड्या पाठ आणि बैठकीच्या फटीत खोल असतात, दोन्हींच्या मध्यांतलं अंतर २८ सेंटीमीटर. स्पोर्टी सीटची गादी कडक आणि कडा उंच, त्यामुळे बेसचे हात, म्हणजे कड्यांना पकडणारे दोन दांडे, कडीपर्यंत पोचतात पण कोनात अडकतात. बेसबरोबर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खोबणी आधी फटीत बसवा, मग बेसचे दोन्ही हात पूर्ण बाहेर काढून एकदम ढकला. दोन ‘टक’ ऐकू यायला हवेत आणि दोन्ही खुणा हिरव्या. एक हिरवी आणि एक लाल असताना ‘एका बाजूने तरी पकडलंय’ म्हणून सोडून दिलेले बेस मी इतके पाहिलेत की हात लावायच्या आधी आता खुणाच बघतो. हिरव्या झाल्यावर बेस मागे दाबत त्याचे हात आत सरकवा, आणि शेवटी बेस धरून ओढून पाहा. ओढायचं तळाशी, कड्यांजवळ. वरचं टोक हलवून काही कळत नाही, ते हलणारच.

बेसला खाली टेकणारा पाय असेल तर तो थेट गाडीच्या तळावर टेकला पाहिजे. आपल्याकडे गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात जाडजूड थ्रीडी-सेव्हनडी मॅट घालतात. त्या मॅटखाली पोकळी असते, पाय आज हिरवा दाखवतो आणि महिन्याने मॅट दबली की हवेत लटकतो. त्या जागची मॅट काढा. काही गाड्यांत मागे बसणाऱ्यांच्या पायांखाली सामानाचा कप्पा असतो, त्याच्या झाकणावर बेसचा पाय टेकवायचा नाही. शिवाय पायवाल्या सीटा सगळ्या गाड्यांना चालतात असं नाही. कंपनी गाड्यांची यादी देते, तिच्यात तुमचं मॉडेल आणि वर्ष शोधा.

दुसरी चूक कलण्याची. स्पोर्टी गाडीत मागची बैठक पाठीच्या बाजूला खोल उतरते. तिच्यावर उलटी सीट ठेवली की बाळाच्या डोक्याकडचं टोक वर उचललं जातं, बाळ जास्त उभं होतं आणि झोपल्यावर हनुवटी छातीवर पडते. एवढ्या लहान बाळाचा श्वास त्यात अडू शकतो. कॅरियरच्या बाजूला पातळी दाखवणारी रेघ किंवा बुडबुडा असतो, गाडी सपाट जागी उभी करून तो पाहा. घराच्या उतारावर नाही. साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याकडच्या वस्तीत सपाट जागा शोधावी लागते, पण शोधा. बेल्टने लावायच्या सीटखाली, मॅन्युअल परवानगी देत असेल तर, खाचेत टॉवेलची गुंडाळी ठेवून कल दुरुस्त होतो. आयसोफिक्स बेसखाली अशी गुंडाळी घालायची नाही.

कॅरियर बेसशिवाय बेल्टने लावायचा झाला तर छोट्या गाडीत आणखी एक अडथळा येतो: बेल्ट पुरत नाही. कॅरियरला बेल्ट कमरेवरून आणि पाठीमागून असा मोठा फेरा घेतो. दोन-तीन सेंटीमीटर कमी पडले की लोक बेल्ट वाढवणारा तुकडा आणतात. तो लावू नका. ती जोडी जमत नाही एवढंच त्यातून कळतं.

मुलीचं तुलनेने सोपं आहे. १४ किलोची मुलगी बूस्टरला, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट लावायच्या सीटला, अजून लहान आहे, गाडीचा बेल्ट तिच्या गळ्यावर आणि पोटावर येईल. तिला पाच टोकी पट्ट्यांची सरळ तोंडाची सीट हवी, ९ ते १८ किलो गटातली किंवा त्याहून पुढे वापरता येणारी. आयसोफिक्सवर लावताना सीट आणि मूल मिळून ३३ किलोंची मर्यादा सर्वसाधारणपणे धरतात, १२ किलोची सीट घेतलीत तर २१ किलोपर्यंत चिंता नाही. या सीटला वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, जरूर हवा. तो नसला तर टक्करीत सीटचं वरचं टोक पुढे झुकतं, आणि आधी मोजलेले ५५ सेंटीमीटर तिथेच संपतात.

टेदर कुठे अडकवायचा यात सर्रास गोंधळ होतो. डिकीत सामान बांधायच्या कड्याही असतात आणि त्या हाताला पटकन सापडतात. त्या सामानाच्या वजनासाठी असतात, मुलाच्या नाही. टेदरच्या कडीजवळ नांगराची खूण असते, बऱ्याच हॅचबॅकमध्ये ती मागच्या सीटच्या पाठीला डिकीच्या बाजूने सापडते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं चित्र पाहून बोट ठेवा. डिकी उघडून मागून हात घातलात तर पट्टा ओढायला चांगली पकड मिळते. बाकी सगळं काम वाकून करावं लागतं, हे एकच उभ्याने होतं.

मागचं हेडरेस्ट मुलीच्या सीटच्या पाठीला पुढे ढकलत असेल तर काढा. पण ते घरी ठेवा. डिकीत मोकळं टाकलेलं हेडरेस्ट दोन लोखंडी दांड्यांसह धडकेत उडतं. मोठं माणूस मागे बसणार असेल त्या दिवशी परत लावायचं. हाच नियम स्टीलच्या पाण्याच्या बाटलीला आणि डब्याला.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो: बाळ पुढे, आई मागे. पुढची प्रवासी एअरबॅग चालू असताना तिच्यासमोर उलटी सीट ठेवायची नाही, कधीच नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि उलट्या सीटची पाठ तिच्यापासून वीतभरही दूर नसते. सगळा मार थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. एअरबॅग बंद करायची अधिकृत सोय असेल, म्हणजे किल्लीने फिरवायचा स्विच आणि एअरबॅग बंद असल्याचा दिवा, तर हा मार्ग खुला आहे. स्विच बहुधा डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला असतो, दार उघडल्यावर दिसतो. स्विच फिरवा, इग्निशन चालू करा, दिवा पेटलेला डोळ्यांनी पाहा, पुढची सीट पूर्ण मागे घ्या, मगच कॅरियर ठेवा. समोर मोठं माणूस बसलं की स्विच परत चालू करायचा, आणि हेच विसरलं जातं. किल्लीच्या जुडग्याला लाल दोरा बांधा, नाहीतर डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा.

स्विच नसेल तर विषय संपला. गॅरेजवाला ‘फ्यूज काढतो’ किंवा ‘सॉकेट सोडवून रेझिस्टर टाकतो’ म्हणेल. त्या फ्यूजवर बेल्ट ओढून धरणारी यंत्रणाही असू शकते, आणि एअरबॅगच्या जोडणीला अनोळखी हात लागणं हाच मोठा धोका. ज्यांच्या गाडीला मागे सीटच नाहीत, त्या दोन माणसांच्या गाड्यांच्या मालकांनाही हेच उत्तर: स्विच असेल तर बाळ, नसेल तर बाळासाठी दुसरी गाडी.

स्विच असला तरी तुमच्या घरासाठी हा माझा दुसरा पर्याय आहे. पहिला तोच: बाळ डावीकडे मागे, मुलगी उजवीकडे मागे, आई पुढे. बाळ रडलं तर आईला मागे वळता येणार नाही हे खरं, पण आई पुढे असताना एअरबॅगचा स्विच विसरायचा प्रश्नच येत नाही. दोन्ही मापं अपुरी पडली, म्हणजे ड्रायव्हरमागे ५५ नाहीत आणि आईपुढे २५ नाहीत, तर ही गाडी गावातल्या फेऱ्यांना ठेवा आणि पुण्याला घरातली दुसरी गाडी न्या, अगदी जुनी वॅगन-आर असली तरी. गाडी विकायचं शेजाऱ्याचं मत मला पटत नाही. ही अडचण तीन-चार वर्षांची आहे.

सीट कव्हरबद्दल एक परिच्छेद खर्च करतो, कारण सातारा-कराड-सांगली पट्ट्यात सेकंड-हँड गाडी रेक्झिनच्या कव्हरशिवाय क्वचितच मिळते. शिवणारा कारागीर आयसोफिक्सची फट सरसकट शिवून टाकतो, मालकाला वर्षानुवर्षं कड्या आहेत हेच माहीत नसतं. कव्हरखाली जाड फोम असेल तर सीट त्यात रुतते, पहिल्या दिवशी घट्ट लागते आणि आठवड्यात ढिली होते. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅगचं लेबल असेल तर त्यावरचं कव्हर एअरबॅगला वाट देत नाही. मागची कव्हर पूर्ण काढा, पुढची बाजूची शिवण उसवलेली घ्या किंवा तीही काढा. चाइल्ड सीटखाली गादी खराब होऊ नये म्हणून पातळ सुती कापड पुरतं.

दोन दारांच्या गाडीत रोजचा त्रास आत-बाहेर करण्याचा. बाळासह कॅरियर ११-१२ किलो होतो, तो पुढच्या सीटच्या लटकत्या बेल्टखालून, कमरेत वळून काढायचा म्हणजे पाठ धरणार. कॅरियर बेसवर तसाच ठेवा, बाळ फक्त उचला. पुढची सीट दुमडून परत मागे आणताना ती आपल्या जुन्या खाचेवर अडकली की नाही ते हाताने हलवून पाहा. ती कॅरियरवर आदळू द्यायची नाही. पुढच्या सीटची पाठ कॅरियरला किंचित टेकलेली चालते का, हे सीट कंपनीनुसार बदलतं. काही ‘टेकू दे’ म्हणतात, काही ‘फट हवी’ म्हणतात. दाबलेली मात्र कुणालाच चालत नाही.

पट्टे आवळण्याची पद्धत: उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, सरळ सीटमध्ये खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. आवळल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. घडी पडली तर अजून ढिला आहे. महाबळेश्वर-पाचगणीला जाताना जाड स्वेटर घालून पट्टे बांधू नका. पट्टा स्वेटरवर घट्ट असतो आणि मूल स्वेटरच्या आत सैल. पट्टे बांधा आणि वरून शाल टाका. एप्रिल-मेमध्ये उलटं: उन्हात उभ्या गाडीत बकलची धातूची जीभ तापते, बसवण्याआधी तळहाताने तपासा. अशा गाड्यांत मागच्या काचा बहुधा उघडत नाहीत, म्हणून एसी पाच मिनिटं आधी लावा.

सातारा-पुणे अंतर साधारण ११० किलोमीटर, रहदारी धरून दोन-अडीच तास. एवढ्या लहान बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नये. जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या आसपास थांबा, बाळाला बाहेर काढून आडवं करा. येताना घाट चढायच्या आधी थांबा, घाटाच्या वळणांत मुलीला मळमळलं तर पट्टे सोडायचा मोह होतो. तो टाळायचा असेल तर निघताना पोटभर दूध नको.

कायद्याचंही सांगतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. सीट घेताना नारिंगी लेबलवर वर्तुळातलं ‘ई’ आणि शेजारी देशाचा आकडा आहे का ते पाहा. आर-४४ ची असेल तर मंजुरी क्रमांकाची सुरुवात ०३ किंवा ०४ ने हवी, त्याआधीची जुनी.

सीटा लागल्या, पहिली पुणे फेरी झाली, की परत आल्यावर पुन्हा सगळं ओढून पाहा. गादी दबते, टेदर ढिला होतो, पहिल्या महिन्यात असं दोनदा होईल. आणि पुढच्या दोन्ही सीटांच्या रुळावर, मापात ठरलेल्या जागी, रंगीत टेपची एक पट्टी चिकटवा. वॉशिंगला किंवा सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथला पोरगा सीट दाणकन मागे ढकलून बसतो. पट्टी असली की सीट परत कुठे आणायची हे पुन्हा मोजावं लागत नाही, आणि कॅरियरचा बेस तपासायची आठवणही तीच करून देते.